बुरीरामच्या लीग ट्रॉफ्या दहा की अकरा?

थायलंडच्या फुटबॉलमधला आजचा दादा क्लब म्हणजे बुरीराम युनायटेड. २०२४-२५ च्या मोसमापर्यंत त्याने थाय लीग किती वेळा जिंकली, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. कुणी अकरा सांगतं, कुणी दहा. मोजणी दोघांचीही बरोबर असते. घोळ आहे तो २००८ सालच्या एका ट्रॉफीचा. ती ज्या संघाने जिंकली त्याचा तेव्हा बुरीराम नावाच्या प्रांताशी काडीचाही संबंध नव्हता. तो संघ वीज कंपनीचा होता.

वीज कंपनीचा संघ एका सीमेवरच्या, कोरडवाहू प्रांताचा अभिमान कसा झाला, हे समजून घ्यायचं तर थायलंडमध्ये ‘क्लब’ म्हणजे नेमकं काय असतं ते आधी पाहावं लागेल. आपल्या डोक्यात क्लब म्हटलं की गाव, मैदान, पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते असं चित्र येतं. थायलंडमध्ये बराच काळ क्लब म्हणजे ऑफिस होतं.

थाय फुटबॉल संघटना स्थापन झाली १९१६ साली. इंग्लंडमध्ये शिकून आलेला राजा वजिरावुध याच्या आश्रयाने ती सुरू झाली आणि त्याच काळात राजाच्या नावाचा चषकही सुरू झाला. पुढची आठ दशकं देशातलं मोठं फुटबॉल म्हणजे हे राजचषक. खेळणारे संघ बहुतेक बँकॉकमधले आणि नोकरी देणाऱ्या संस्थांचे : हवाई दल, पोलीस, बंदर, तंबाखू महामंडळ, बँका. खेळाडू पगारावर असायचा, पण पगार कारकुनाचा किंवा शिपायाचा. संध्याकाळी सराव, निवृत्तीनंतर पेन्शन. मुंबईत हारवूड लीगच्या काळात मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया यांचे संघ ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

या व्यवस्थेत खेळ वाईट होत नव्हता. थाय फार्मर्स बँकेचा संघ १९९४ आणि १९९५ असा सलग दोनदा आशियाचा क्लब विजेता झाला. जपानी, कोरियन, सौदी क्लब असताना एका बँकेच्या संघाने ही मजल मारली. पण १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, बँकांचे दिवस फिरले आणि २००० साली बँकेने संघच बंद करून टाकला. आशियाई विजेता संघ बंद झाला म्हणून देशात हलकल्लोळ झाला असता, पण त्याला गावच नव्हतं. रस्त्यावर कोण उतरणार? बँकेचाच दुसरा मोठा संघ, बँकॉक बँक, १९९६ साली सुरू झालेल्या पहिल्या थाय लीगचा विजेता. तोही २००८ मध्ये गुंडाळला गेला.

दुसरीकडे प्रांतांमध्ये प्रेक्षक होते, पण त्यांचे संघ वरच्या लीगमध्ये नव्हते. १९९९ साली सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाने प्रांतांसाठी वेगळी लीग काढली. काही वर्षं देशात दोन समांतर फुटबॉल चालू होती : एक बँकॉकच्या ऑफिसांचं, ज्याला दर्जा होता पण गर्दी नव्हती, आणि दुसरं प्रांतांचं, ज्याला गर्दी होती पण दर्जा कमी. दोन्ही हळूहळू एकत्र आणली गेली. चोनबुरी हा बँकॉकच्या पूर्वेचा किनारी प्रांत २००६ मध्ये वरच्या लीगमध्ये आला आणि २००७ मध्ये थेट विजेता झाला. गावाचा संघ जिंकला की काय होतं, हे थाय मालकांनी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग आशियाई फुटबॉल महासंघाने नियम आवळले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये संघ पाठवायचा असेल तर देशातली लीग व्यावसायिक हवी आणि क्लब ही स्वतंत्र कंपनी हवी, असं २००९ च्या सुमारास ठरलं. सरकारी खात्याच्या क्रीडा विभागाने चालवलेला संघ चालणार नाही. बँकांनी, महामंडळांनी हिशेब केला : वेगळी कंपनी काढा, मैदान सांभाळा, तोटा सोसा, कशासाठी? क्रुंग थाय बँकेने आपला संघ सोडून दिला आणि त्याची लीगमधली जागा काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या बँकॉक ग्लास कंपनीने घेतली. तंबाखू महामंडळाचा संघ पुढे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बिऱ्हाड हलवत राहिला.

थाय फुटबॉलमधली खरी चीजवस्तू इथे लक्षात येते : लीगमधली जागा. संघ खालच्या पायरीपासून उभा करून वर आणायला वर्षं जातात. ज्याच्याकडे जागा आहे आणि ती नकोशी झाली आहे, त्याच्याकडून ती घेतली तर तेच काम एका सहीत होतं. जागेबरोबर खेळाडूंचे करार येतात आणि कागदोपत्री इतिहासही येतो. येत नाहीत ते फक्त चाहते. पण ऑफिसच्या संघाला ते मुळात होतेच किती?

वीजवाल्यांचा संघ

प्रांतीय वीज प्राधिकरण ही थायलंडची सरकारी वीज वितरण कंपनी, आपल्या महावितरणसारखी. मुंबई शहराची वीज जशी वेगळ्या कंपन्यांकडे, तसं बँकॉक आणि शेजारचे दोन प्रांत वेगळ्या संस्थेकडे आहेत. बाकीचे ७४ प्रांत या प्राधिकरणाचे. त्याचा फुटबॉल संघ १९७० चा. बरीच वर्षं तो खालच्या पातळीवर खेळला आणि २००४ च्या मोसमात वरच्या लीगमध्ये येऊन पहिल्याच फटक्यात उपविजेता झाला. विजेता होता तंबाखू महामंडळाचा संघ.

म्हणजे वीज आणि तंबाखू, दोघंही २००६ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगला पात्र. दोघंही खेळले नाहीत. खेळाडूंची यादी मुदतीत महासंघाकडे पोहोचली नाही, म्हणून दोघांनाही बाद केलं गेलं. इंडोनेशियाच्या दोन क्लबांचंही तेच झालं. आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचं तिकीट एका फॉर्मपायी गेलं. ऑफिसच्या संघांचं युग का संपलं, यावर मला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

२००८ मध्ये वीजवाल्यांनी लीग जिंकली. हीच ती वादातली ट्रॉफी. पुढच्या वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात सिंगापूरच्या लष्करी संघाने त्यांचा जादा वेळेत ४-१ असा पराभव केला. घरचे सामने तेव्हा अयुथ्थया या जुन्या राजधानीत होत होते. म्हणजे गाव शोधायचा प्रयत्न सुरू झाला होता, पण गाव काही जमत नव्हतं. २००९ च्या डिसेंबरात संघाला नवा मालक मिळाला, नेविन चिदचोब.

नेविन

हा माणूस समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जन्म १९५८, राजकारण बुरीरामचं. वडील चाई चिदचोब हे मुरलेले राजकारणी, २००८ ते २०११ या काळात थाय संसदेचे सभापती. मुलाचं नाव त्यांनी ठेवलं ब्रह्मदेशाच्या जनरल ने विनवरून. नेविन तरुणपणीच खासदार झाला, मंत्री झाला, पंतप्रधान थाकसिन शिनावातच्या पक्षात वजनदार झाला. २००७ मध्ये न्यायाधिकरणाने तो पक्ष विसर्जित केला आणि त्याच्या १११ पदाधिकाऱ्यांवर पाच वर्षांची राजकीय बंदी घातली. त्यात नेविन होता.

बंदी असली तरी आमदार-खासदार सांभाळायला कुणाची परवानगी लागत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २००८ च्या डिसेंबरात ‘नेविनचे मित्र’ म्हणून ओळखला जाणारा खासदारांचा गट थाकसिनच्या गोटातून उठला आणि विरोधकांना जाऊन मिळाला. त्यामुळे अभिसित वेज्जाजिवा पंतप्रधान झाले. या गटाचा पक्ष म्हणजे भूमजैथाई. नव्या सरकारात गृहखातं या पक्षाच्या चावारात चार्नविराकुल यांच्याकडे आलं. प्रांतीय वीज प्राधिकरण गृहखात्याच्या अखत्यारीत येतं.

वर्षभरात वीज प्राधिकरणाचा संघ नेविनकडे गेला. या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालायचं की नाही, ते वाचकाने ठरवावं. एवढं खरं की संघाला तोट्यातून सुटका हवी होती आणि निवडणूक लढवायची बंदी असलेल्या एका धडपड्या माणसाला काहीतरी काम हवं होतं.

२०१० च्या मोसमात संघ बुरीरामला आला. नाव झालं ‘बुरीराम पीईए’, म्हणजे पुढे गाव आणि मागे वीज प्राधिकरणाची आद्याक्षरं. बँकॉकपासून बुरीराम सुमारे ४०० किलोमीटर. थायलंडच्या ईशान्येकडचा हा ईसान प्रदेश देशातला सगळ्यात गरीब समजला जातो. बँकॉकचे टॅक्सीवाले, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, यांत ईसानचे लोक मोठ्या संख्येने. बोली लाओशी जवळची आणि बुरीरामच्या दक्षिणेकडे तर ख्मेर बोलणारी गावं, कारण कंबोडियाची सीमा तिथेच आहे. राजधानीत ईसानच्या माणसाची, त्याच्या बोलीची थट्टा ही जुनी सवय. बुरीरामबद्दल तर एक म्हणच होती, की तिथले लोक पाणी कुटून पितात. उन्हाळ्यात डबक्याचा चिखल खणून, घोटून त्यातून पाणी काढायचे म्हणून. ज्या प्रांताची ओळख ही, त्याला एकदम देशातल्या अव्वल लीगचा संघ मिळाला, आणि तोही दोनच वर्षांपूर्वीचा विजेता. पहिल्याच मोसमात उपविजेतेपद आलं.

बोधचिन्हातलं देऊळ

क्लबच्या चिन्हावर एक देऊळ आहे. ते कल्पनेतलं नाही. प्रांतातल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर फनोम रुंग नावाचं ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर आहे, साधारण दहाव्या ते तेराव्या शतकात बांधत गेलेलं. खालून वर जाणारा लांब दगडी मार्ग, नागशिल्पांचे पूल आणि शेवटी गाभारा. गाभाऱ्यापर्यंत ओळीने १५ दरवाजे आहेत आणि वर्षातल्या काही ठरावीक दिवशी उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचे किरण पंधराही दरवाज्यांतून आरपार जातात. त्या दिवसांना गर्दी उसळते. एका दरवाज्यावर शेषशायी विष्णूची शिल्पपट्टी आहे. ती चोरीला गेली होती आणि शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली. बरंच आंदोलन झाल्यावर १९८८ मध्ये ती परत आली. मराठी पर्यटक थायलंडला जातो तो पट्टाया आणि फुकेतला. बुरीरामला वाकडी वाट करून गेलेला क्वचितच भेटतो. गेला तर त्याला ओळखीचे देव भेटतील.

क्लबचं टोपणनाव आहे ‘विजेचा किल्ला’ किंवा ‘विजेचा प्रासाद’. प्रासाद फनोम रुंगचा, वीज प्राधिकरणाची. मालकी बदलली, कंपनीचं नाव गेलं, पण ती वीज टोपणनावात अडकून राहिली.

एका घरात दोन संघ

२०११ चं वर्ष या गोष्टीतलं सगळ्यात गुंतागुंतीचं, म्हणून जरा सावकाश घेऊ.

त्या वर्षी बुरीराम पीईएने लीग, एफए कप आणि लीग कप असे तिन्ही जिंकले. एफए कपच्या अंतिम सामन्यात कट्टर प्रतिस्पर्धी मुआंगथोंगला १-० ने हरवलं. त्याच वर्षी शहरातला दुसरा संघ, बुरीराम एफसी, खालच्या म्हणजे पहिल्या डिव्हिजनचा विजेता ठरून वरच्या लीगसाठी पात्र झाला. या दुसऱ्या संघाच्या प्रमुख होत्या करुणा चिदचोब, नेविनच्या पत्नी. म्हणजे २०१२ मध्ये एकाच लीगमध्ये एका घरातले दोन संघ समोरासमोर आले असते. असे सामने कोण खरे मानणार?

यातून निघालेला मार्ग खास थाय आहे. वीज प्राधिकरणाचं नाव काढून टाकलं गेलं आणि बुरीराम पीईएचा ‘बुरीराम युनायटेड’ झाला. आणि बुरीराम एफसीने मैदानावर घाम गाळून मिळवलेली वरच्या लीगमधली जागा हजारएक किलोमीटर दूर, मलेशियाच्या सीमेजवळच्या सोंगखला प्रांतात गेली. तिथे संघाचं नाव झालं ‘वुआचोन युनायटेड’. वुआचोन म्हणजे बैलांच्या झुंजी, दक्षिण थायलंडचा आवडता खेळ. पुढे तो सोंगखला युनायटेड झाला.

वर ‘जागा ही चीजवस्तू’ म्हटलं ते असं. नेविनने एक जागा उत्तरेकडे आणली आणि कुटुंबाकडची दुसरी दक्षिणेला गेली. दोन्ही वेळा खेळाडूंपेक्षा कागद लांबचा प्रवास करून आले.

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे वळता येईल. कंपनी तीच, जागा तीच, मधे खंड नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत २००८ ची ट्रॉफी बुरीरामची : एकूण अकरा. दहा म्हणणारे २०११ पासून मोजतात : २०११, २०१३, २०१४, २०१५, २०१७, २०१८ आणि मग २०२१-२२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग चार. मला विचाराल तर मी दहाच धरेन. २००८ ची लीग जिंकली तेव्हा बुरीरामच्या बाजारात कुणी फटाका वाजवला नसणार. ट्रॉफीचं कपाट विकत घेता येतं, पण त्या दिवसाचा आनंद मागच्या तारखेने कुणाला देता येत नाही. पण मग अयुथ्थयाच्या ज्या थोड्या लोकांनी २००९ मध्ये त्या संघाचे सामने पाहिले, त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यांचा संघ एका हिवाळ्यात निघून गेला.

आपल्याकडे याच सुमारास काय झालं ते आठवून पाहा. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००९-१० च्या मोसमानंतर दुकान बंद केलं. तो संघ कुठल्या जिल्ह्याने उचलून नेला नाही. तो फक्त संपला. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. थाय पद्धत बेशरम वाटते खरी. पण त्या पद्धतीत संघ निदान मेला नाही, हेही खरं.

मैदानावर

संघ आणल्यावर नेविनने स्टेडियम उभं केलं. २०११ मध्ये ते सुरू झालं आणि ते २५६ दिवसांत बांधल्याचा क्लबचा दावा आहे. सुरुवातीला २४ हजार, नंतर वाढवून साधारण साडेबत्तीस हजार आसनं. थायलंडमधली जुनी मैदानं सरकारी, बहुउद्देशीय, म्हणजे फुटबॉलच्या भोवती धावपट्टी आणि प्रेक्षक पार लांब. बुरीरामला धावपट्टीच ठेवली नाही. प्रेक्षक रेषेला लागून. कॉर्नर मारायला गेलेल्या पाहुण्या खेळाडूला मागच्या रांगेतलं बोलणंही ऐकू येतं. नाव आधी एका मोबाइल कंपनीचं होतं, नंतर ‘चांग’ या बिअरच्या ब्रँडचं झालं.

२००९ ते २०१८ या दहा मोसमांत थाय लीग दोनच संघांनी जिंकली : बुरीराम सहा वेळा, मुआंगथोंग चार वेळा. मुआंगथोंग हा बँकॉकच्या वेशीवरचा, क्रीडा वृत्तपत्रं छापणाऱ्या सियाम स्पोर्ट समूहाने वाढवलेला संघ, तिसऱ्या पायरीवरून तीन वर्षांत सलग तीन लीग जिंकत वर आलेला. एकीकडे राजधानीजवळचा प्रकाशक आणि दुसरीकडे ईसानचा पुढारी. एवढं भांडवल वैरासाठी पुरेसं असतं.

आशियात बुरीरामने पहिला दणका दिला तो २०१२ च्या मार्चमध्ये. जपानचा विजेता काशिवा रेसोल बुरीरामला आला आणि ३-२ ने हरून गेला. त्यानंतर बुरीरामने चीनच्या ग्वांगझू एव्हरग्रांडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, गटसाखळी पार करून उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला बाद केलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे इराणच्या एस्तेघलालने वाट अडवली.

पण माझ्या मते सगळ्यात चटका लावणारं वर्ष २०१५. त्या मोसमात देशांतर्गत लीग एकही सामना न हरता जिंकली, एफए कप, लीग कप, राजचषक आणि मेकाँग खोऱ्यातल्या देशांची क्लब स्पर्धाही जिंकली. प्रशिक्षक ब्राझीलचे अलेशांद्रे गामा आणि गोल करायला ब्राझीलचाच दिओगो. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र गटातल्या तीन संघांचे सारखेच १०-१० गुण झाले : जपानचा गांबा ओसाका, कोरियाचा सेओंगनाम आणि बुरीराम. गुण सारखे असतील तर त्या संघांच्या आपसातल्या सामन्यांचा हिशेब धरायचा, हा नियम. त्यात बुरीराम तिसरा आला आणि बाहेर गेला. एरवी १० गुणांत माणूस निवांत पुढच्या फेरीत जातो.

तोच नियम २०१९ मध्ये घरच्या लीगमध्येही पायात आला. शेवटच्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, बुरीराम अव्वल होता आणि सामना होता तळाला गेलेल्या चियांगमाईशी. जिंकलं की ट्रॉफी. सामना १-१ सुटला. त्याच वेळी चियांगराय युनायटेडने सुफानबुरीत ५-२ ने बाजी मारली. दोघांचे ५८ गुण, आपसातल्या सामन्यांत चियांगराय सरस, आणि ट्रॉफी उत्तरेला गेली. लीग २०१६ मध्ये तर शेवटपर्यंत खेळलीच गेली नव्हती. ऑक्टोबरात राजा भूमिबोल यांचं निधन झाल्यावर मोसम तिथेच थांबवला, अव्वल असलेल्या मुआंगथोंगला विजेता ठरवलं आणि लीग कप मुआंगथोंग व बुरीराम यांना विभागून दिला.

अपयश आलं की नेविन थांबत नाही. २०१६ ते २०१७ या काळात गामा गेले, इराणी-अमेरिकन अफशिन घोतबी आले आणि गेले, सर्बियाचे रांको पोपोविच आले आणि गेले, मग बोझिदार बांदोविच आले. टिकले ते बांदोविच, कारण लागोपाठ दोन लीग जिंकल्या. सामन्याला नेविन क्लबची जर्सी घालून मैदानाच्या कडेलाच असतो. मालकाने काचेमागच्या खोलीत बसावं हा प्रकार इथे नाही, आणि प्रशिक्षकांना ते किती आवडत असेल देव जाणे.

हे सगळं नुसतं विकत घेतलेलं मात्र नाही. सुपाचोक आणि सुफानात ही भावांची जोडी, आडनावं वेगळी पण भाऊ, शेजारच्या सिसाकेत प्रांतातून आली आणि बुरीरामच्या अकादमीत तयार झाली. धाकट्या सुफानातने १५ व्या वर्षी थाय लीगमध्ये गोल केला. पुढे थोरला जपानच्या साप्पोरोला गेला, धाकटा बेल्जियमला. बुरीराममध्ये नाव कमावलेला डावखुरा तीराथोन बुनमाथान २०१९ मध्ये योकोहामा एफ. मारिनोसकडून जपानची लीग जिंकला आणि नंतर बुरीरामला परतला. जपानी प्रशिक्षक मासातादा इशिई यांनी २०२१-२२ आणि २०२२-२३ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातले तिन्ही किताब मिळवून दिले आणि मग त्यांना थाय राष्ट्रीय संघाने उचललं.

भारतीय वाचकासाठी २०२५ चा मे महिना खास आहे. आग्नेय आशियातल्या क्लबांची आसियान स्पर्धा वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली होती. अंतिम फेरीत बुरीराम आणि हनोईचा पोलीस संघ. हनोईत २-२, बुरीराममध्ये ३-३ आणि शेवटी पेनल्टींवर बुरीराम ३-२. याच स्पर्धेची २००३ मधली पहिली ट्रॉफी जिंकली होती कोलकात्याच्या ईस्ट बंगालने, जकार्तात, थायलंडच्याच बीईसी तेरो सासानाला ३-१ ने हरवून. पाहुणा म्हणून बोलावलेला संघ ट्रॉफी घेऊन घरी गेला होता. तेव्हा बुरीराममध्ये अव्वल लीगचा संघसुद्धा नव्हता.

गाव, मोटारी आणि रेल्वेची जमीन

स्टेडियमच्या शेजारी २०१४ मध्ये मोटार शर्यतींचा ट्रॅक उभा राहिला. साडेचार किलोमीटरचा, आराखडा जर्मनीच्या हेरमान टिल्कं यांचा. २०१८ पासून तिथे मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत येते आणि पहिल्याच वर्षी तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त लोक आले. हॉटेलं, मॅरेथॉन, बाजार हे सगळं ओघाने आलं. पाणी कुटून पिणारा प्रांत म्हणून हसणाऱ्यांना आता तिथे खोली मिळवायला महिने आधी फोन करावा लागतो.

नेविन राजकारणातून निवृत्त झाल्याचं सांगतो. घरातलं राजकारण चालूच आहे. भाऊ साकसायाम वाहतूकमंत्री होता. एका बांधकाम कंपनीतले शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवल्याच्या प्रकरणात २०२४ च्या जानेवारीत घटना न्यायालयाने त्याचं मंत्रिपद रद्द ठरवलं. मुलगा चाईचनोक भूमजैथाईचा सरचिटणीस झाला. आणि २००८ च्या त्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव, पक्षाध्यक्ष आनुतिन चार्नविराकुल, २०२५ च्या सप्टेंबरात थायलंडचे पंतप्रधान झाले.

क्लबच्या पायाखाली मात्र एक प्रश्न पुरलेला आहे, अगदी शब्दशः. स्टेडियम आणि ट्रॅक ज्या खाओ क्रादोंग भागात आहेत, तिथली ५,०८३ राय, म्हणजे सुमारे दोन हजार एकर जमीन आपली असल्याचा दावा थायलंडची सरकारी रेल्वे करते. मूळ ती रुळांखाली टाकायच्या खडीसाठी राखलेली जमीन. तिथे राहणाऱ्या काही जणांशी झालेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या बाजूने निकाल दिले. पण भूमी विभागाने २०२४ मध्ये सरसकट सातबारे, म्हणजे त्यांच्याकडचे मालकीचे दाखले, रद्द करायला नकार दिला. हा विभागही गृहखात्याच्याच हाताखाली येतो आणि तेव्हा गृहमंत्री आनुतिन होते. रेल्वे आपला दावा सोडायला तयार नाही.

संघाची जागा एका सहीने बँकॉकच्या बाजूने बुरीरामला आली. साडेबत्तीस हजार आसनांचं स्टेडियम मात्र कुठल्याच सहीने उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून थाय फुटबॉलवर लिहिणारे लोक लीगच्या गुणतक्त्याइतकंच लक्ष हल्ली खाओ क्रादोंगच्या फायलीवर ठेवून असतात.